‘अभिमान’मधला मत्सर कुठल्या गाण्यात आहे?

प्रश्न असा आला आहे : ‘अभिमान’ पुन्हा पाहिला. गायक नवरा, गायिका बायको, तिचं नाव मोठं होत जातं आणि त्याला ते सोसवत नाही, ही गोष्ट नीट पोहोचते. पण सात गाण्यांत मत्सराचं म्हणावं असं एकही गाणं नाही. चिडलेलं नाही, जळणारं नाही, टोमणे मारणारं नाही. मग मत्सरावरच्या सिनेमाचं संगीत म्हणून त्याचं एवढं कौतुक का होतं? उमा खरोखर सुबीरपेक्षा मोठी गायिका आहे, हे नुसतं ऐकून पटतं का? आणि जाता जाता, मी आणि माझी बायको एका कार्यक्रमासाठी ‘तेरी बिंदिया रे’ बसवतोय, त्यात काय सांभाळावं?

मी बरीच वर्षं हार्मोनियमवर सुगम संगीताची साथ करतोय आणि गाणं शिकवतोय. या सिनेमातली गाणी मंचावर वाजवली आहेत, विद्यार्थ्यांकडून घोटून घेतली आहेत. हा माझ्या फार जिव्हाळ्याचा विषय आहे, तेव्हा उत्तर लांबेल.

तुमचं निरीक्षण अगदी बरोबर आहे. शब्दांत मत्सर कुठेच नाही. सचिनदेव बर्मन यांनी तो गाण्यांच्या वाटणीत ठेवलाय. एकट्यानं कोण गातं, किती वेळा गातं, कोणाची ओळ कोण पुरी करतं, हे कागदावर मांडून बघा. सुबीरला अख्ख्या सिनेमात एकट्याचं गाणं एकच आहे, ‘मीत ना मिला रे मन का’, आणि तेही अगदी सुरुवातीला. उमाला एकटीची तीन आहेत : ‘नदिया किनारे’, ‘अब तो है तुमसे’, ‘पिया बिना’. उरलेली तीन दोघांची. गोष्टीचा नायक गाजलेला गायक आहे, तरी पहिल्या गाण्यानंतर तो पुन्हा एकटा म्हणून आपल्या कानावर येतच नाही. त्यानंतर आपण त्याला ऐकतो ते तिच्या बरोबरीनंच. सुबीरला स्वतःचं घसरणं जाणवतं त्याच्या कितीतरी आधी आपला कान तिच्याकडे गेलेला असतो. प्रेक्षक म्हणून आपण नकळत त्याच्या विरोधात मत देऊन बसतो, आणि मग पडद्यावर तो धुमसायला लागला की त्याचं धुमसणं आपल्याला खोटं वाटत नाही.

हा सिनेमा १९७३ च्या जुलैचा. दिग्दर्शक हृषीकेश मुखर्जी, गीतं मजरूह सुलतानपुरींची. सुबीर झालेले अमिताभ बच्चन आणि उमा झालेल्या जया भादुरी यांचं लग्न त्याआधी जेमतेम दोन महिने झालं होतं, त्यामुळे लोक आजही या सिनेमाकडे त्या दोघांच्या संसाराच्या चष्म्यातून बघतात. त्यात मला रस नाही. हृषीदांनी हा विषय आधीही हाताळला होता, ते जास्त महत्त्वाचं. १९६० च्या ‘अनुराधा’त रेडिओवर नाव मिळवलेली गायिका ध्येयवादी डॉक्टरशी लग्न करून खेड्यात जाते आणि तिचं गाणं संसारात विरून जातं. तिथे नवऱ्याला बायकोचं गाणं ऐकायला सवड नाही. ‘अभिमान’मध्ये नवऱ्याला ते नको इतकं ऐकू येतं. एकाच दिग्दर्शकाच्या डोक्यात तेरा वर्षांत प्रश्न किती पुढे गेला ते यावरून कळावं.

आता दुसरा मुद्दा, आवाजांचा. उमाची सातांतली सगळी गाणी लताबाईंची. सुबीरचा आवाज मात्र बदलत राहतो. ‘मीत ना मिला’ किशोरकुमारचं, ‘तेरी बिंदिया रे’ रफीसाहेबांचं, ‘लूटे कोई मन का नगर’ मनहर उधासचं, आणि शेवटचं ‘तेरे मेरे मिलन की ये रैना’ परत किशोरकुमारचं. हे मत्सराच्या गोष्टीसाठी मुद्दाम केलं असं मी म्हणणार नाही. गाण्याच्या प्रकृतीनुसार गळा निवडायचा ही बर्मनदांची सवयच होती. ‘आराधना’तही राजेश खन्नासाठी किशोरकुमार आणि रफी दोघंही गायले आहेत. पण ‘अभिमान’मध्ये त्याचा परिणाम निराळाच झालाय. जिला गाण्याच्या धंद्यात यायचंच नव्हतं तिचा आवाज पहिल्यापासून शेवटपर्यंत एक, आणि ज्याची ओळखच आवाज आहे त्याला स्वतःचा असा आवाज सापडत नाही. तो पहिल्या गाण्यातला आपला गळा घेऊन परततो तो थेट शेवटच्या गाण्यात. एकदा हे लक्षात आलं की सिनेमा वेगळाच ऐकू येतो.

थोडं विषयांतर करतो. उमाचा पडद्यावरचा पहिला सूर लताबाईंचा नाही. खेड्यात सुबीरच्या कानावर आधी येतो तो शिवस्तुतीचा श्लोक, आणि तो गायलाय अनुराधा पौडवाल यांनी. त्यांच्या सिनेगायनाची सुरुवात तिथली. श्लोक जेमतेम काही क्षणांचा आहे. पण सुबीर थबकतो, ऐकत राहतो, आणि आवाजाच्या दिशेनं जातो. या थबकण्याकडे नीट बघा, कारण माझं सगळं उत्तर तिथून सुरू होतं.

सुबीर तिच्या प्रेमात पडतो तो कानानं. इतर कुणाला ती खेड्यातली गाणारी मुलगी असेल, त्याला कळतं की हे काय आहे. कारण तो स्वतः गवई आहे, त्याचा कान तयार आहे. आणि पुढे त्याला जे सोसवत नाही तेही त्याच कानामुळे. त्याच्या जागी गाण्यातलं काही न कळणारा नवरा असता तर बायकोच्या यशानं तो सुखावला तरी असता, नाहीतर तिच्या व्यापाला वैतागला असता. ती आपल्यापेक्षा सरस आहे हे त्याला उमगलं नसतं. सुबीरला उमगतं, आणि बाकी सगळ्यांच्या आधी उमगतं. अभिनेते डेव्हिड यांनी उभे केलेले ज्येष्ठ जाणकार रसिक स्वागत-समारंभात ते बोलून दाखवतात, पण सुबीरच्या कानाला ते माहीत होतंच. मी कलाकारांमध्ये वावरलोय. तिथे खरा, खोल जाणारा मत्सर मी नेहमी तयार कानाच्या माणसाचा पाहिलाय. ज्याला समोरच्याच्या एका श्रुतीचा, म्हणजे सुरातला अगदी बारीक फरक ऐकू येतो त्याचीच झोप उडते.

म्हणूनच बर्मनदांनी सुबीरला दुबळं गाणं दिलं नाही, हे मला या सिनेमाच्या संगीतातलं सर्वांत शहाणपणाचं काम वाटतं. सोपी वाट होती : नवऱ्याला उथळ, उडत्या चालीची गाणी द्यायची आणि बायकोला रागदारी. मग ती श्रेष्ठ हे लहान मुलालाही कळलं असतं, आणि गोष्ट मेली असती. ‘मीत ना मिला’ तसं नाही. त्यात जोश आहे, लय अंगावर येते, किशोरकुमार शब्दाशब्दाशी खेळतो. त्याच वेळी ‘मन मेरा धरती पर, और कभी अंबर में’ म्हणताना खाली एक बेचैनी वाहत असते. समोर चाहत्यांची गर्दी आहे आणि गाणारा म्हणतोय की मनाचा सोबती मिळाला नाही. हा माणूस थोर कलावंत होऊ शकतो, हे त्या एका गाण्यात सिद्ध होतं. त्यामुळे पुढे तो हरतो तेव्हा एका नालायकाचा पाडाव झाला असं वाटत नाही.

मग उमा मोठी कशी ठरते? विद्यार्थ्यांना मी हे ‘नदिया किनारे’वरून दाखवतो. ‘मीत ना मिला’ आणि ‘नदिया किनारे’ यांत अवघड कोणतं, असं विचारलं की बहुतेक मुलं पहिलं सांगतात. मग दोन्ही फक्त तानपुऱ्यावर गायला लावतो. ‘मीत ना मिला’ला ठेक्याचा, वाद्यांचा, गाणाऱ्याच्या अंगातल्या ऊर्जेचा आधार आहे, तो काढला तर गाणं थोडं ओकंबोकं होतं, पण गळ्याचे दोष फारसे उघडे पडत नाहीत. ‘नदिया किनारे’ तानपुऱ्यावर आलं की लपायला जागाच राहत नाही. ‘हेराए आई कंगना’ ही ओळ घ्या. पूरबी, म्हणजे उत्तर प्रदेशाच्या पूर्वेकडच्या बोलीतली, हरवलेल्या कांकणाची साधी तक्रार. त्यातल्या ‘हेराए’वरची मुरकी, म्हणजे सुरांचं ते झटकन घेतलेलं छोटं वळण, शब्दाच्या पोटात बसली पाहिजे. शब्द आधी आणि मुरकी मागून असं झालं की ते शिकवलेलं गाणं वाटतं. मुरकी आधी कानात भरली तर ती मिरवणारी बाई वाटते. लताबाईंच्या गाण्यात ती बोलण्यातच आहे, जणू ते अक्षर तसंच म्हणतात. उमाला बर्मनदांनी लांबलचक ताना दिल्या नाहीत, सरगम दिली नाही, ‘बघा मी किती शिकलेय’ असं सांगणारी एकही जागा दिली नाही. तिचं मोठेपण या न दाखवण्यात आहे. सुबीर लोकांसाठी गातो आणि उत्तम गातो. उमा गाते तेव्हा समोर कुणी आहे की नाही यानं तिच्या गाण्यात फरक पडत नाही.

ही बोली मजरूहसाहेबांच्या घरची, त्यांच्या नावातच सुलतानपूर आहे. आणि बर्मनदा त्रिपुराच्या राजघराण्यातले, पण त्यांचा कान पूर्व बंगालच्या नावाड्यांच्या, फकिरांच्या गाण्यांवर पोसलेला. लोकगीत ‘लोकगीतासारखं’ न करता कसं वापरायचं हे त्या दोघांना ठाऊक होतं. बरं, लताबाई आणि बर्मनदा यांच्यात पन्नासच्या दशकाच्या अखेरीस दुरावा आला होता आणि काही वर्षं त्या त्यांच्याकडे गायल्या नव्हत्या. ‘बंदिनी’च्या सुमारास तो मिटला. ‘अभिमान’ त्यानंतर दहा वर्षांनी आलाय. दोघांत आता काही सिद्ध करायचं उरलेलं नाही, असा एक निवांतपणा मला या गाण्यांत ऐकू येतो. ही माझी जाण, पुरावा नाही.

आता ‘तेरी बिंदिया रे’. तुम्ही हेच बसवताय, तेव्हा यावर जरा थांबतो.

हे लग्नाच्या स्वागत-समारंभातलं गाणं. दोघं पहिल्यांदा लोकांसमोर एकत्र गातात, सगळे खूश आहेत, आणि वरवर पाहता ही लाडिक छेडछाड आहे. पण ओळींची रचना बघा. तो ‘तेरी बिंदिया रे’ म्हणून एक तुकडा टाकतो आणि ‘आय हाय’ करून थांबतो. वाक्य अपुरंच आहे. ते पुरं करते ती : ‘सजन बिंदिया ले लेगी तेरी निंदिया’. बिंदीनं झोप उडेल हे तिचं उत्तर. पुढे झुमक्याचं तसंच, कंगनाचं तसंच. विषय तो काढतो, अर्थ ती देते. अंतऱ्यात तर ती म्हणते की माझा दागिना तूच आहेस, आणि भिरभिरतायत ते तुझेच डोळे, मी काही बोललेच नाही. इतक्या गोड सुरात त्याला कोपऱ्यात गाठलंय की त्याला ‘तो फिर ये क्या बोले है तेरा कंगना’ एवढं विचारण्यापलीकडे काही उरत नाही. त्या वेळी हा खेळ दोघांना आवडतोय. पुढे हाच साचा त्यांच्या आयुष्यात येतो. तिला गाण्याच्या धंद्यात आणतो तो सुबीरच, म्हणजे ओळ तो सुरू करतो. ती पूर्णत्वाला नेते ती, आणि मग लोकांना तिचीच ओळ लक्षात राहते. त्याच मैफलीत डेव्हिड यांच्या तोंडून धोक्याची सूचना येते. पटकथेनं ती शब्दांत दिली, बर्मनदांनी आणि मजरूहसाहेबांनी ती गाण्यात आधीच पेरून ठेवली होती.

‘लूटे कोई मन का नगर’वर फार लिहीत नाही, गोड गाणं आहे. पण एक गोष्ट सांगायलाच हवी. सातांत मत्सराच्या सर्वांत जवळ येणारं गाणं कुठलं असं विचाराल तर हे, आणि ते खेळकर आहे. मनाचं गाव लुटणारा कुणी आहे, तो कोण, असा लटका संशय. आणि पुरुष म्हणतो, जाऊ दे, जसे तुम्ही प्यारे तसा तोही मला प्यारा. स्पर्धेला असलेल्या माणसाला मोठ्या मनानं माफ करून टाकणारं हे गाणं सुबीरच्या तोंडी आहे. गाण्यात जे त्याला इतकं सहज जमतं ते घरात जमत नाही. मनहर उधास तेव्हा तुलनेनं नवा आवाज होता, आणि त्या आवाजातला संकोच इथे कामी आलाय. लताबाईंच्या शेजारी तो जरा मागे उभा राहिल्यासारखा वाटतो.

आणि मग ‘अब तो है तुमसे हर खुशी अपनी’. हे सिनेमातलं सर्वांत निर्दय गाणं आहे असं मी वर्गात म्हणतो तेव्हा विद्यार्थी चकित होतात, कारण ऐकायला ते संपूर्ण समर्पणाचं आहे. माझं सगळं सुख आता तुझ्यापाशी, तुझ्यावर मरणं हेच माझं जगणं. पण अंतऱ्यातली ही ओळ ऐका : ‘तेरे साथ हम भी सनम मशहूर हो गए’. तुझ्याबरोबर, प्रिया, मीही प्रसिद्ध झाले. उमा हे मनापासून म्हणतेय, त्यात तिळभर तोरा नाही. तिला खरंच वाटतं की हे नाव त्याच्यामुळे मिळालं. पण हे ऐकणारा सुबीर आहे, आणि त्याला ‘तेरे साथ’ ऐकू येत नाही, ‘मशहूर’ ऐकू येतं. निर्माते तिच्याकडे वळलेत, लोकांच्या तोंडी तिचं नाव आहे. अशा माणसाला बायकोचं श्रेय देणंसुद्धा उपकारासारखं बोचतं. प्रेमाची ओळ आणि जखमेची ओळ एकच असावी, ही मजरूहसाहेबांची करामत आहे, आणि तिच्यावर पुरेसं बोललं जात नाही. लगेच पुढे ती म्हणते की बघू या, ही बेखुदी, हे स्वतःला विसरणं, कुठवर नेते. कुठवर नेते ते पुढच्या अर्ध्या सिनेमात दिसतंच.

‘पिया बिना’ शिकवायला सर्वांत अवघड. मुखड्यात ‘पिया बिना’ तीनदा येतं आणि ‘बाजे ना’ही पुन्हा पुन्हा येतं. बहुतेक जण ही पुनरावृत्ती चढत्या जोरानं गातात, म्हणजे दर वेळी दुःख वाढतंय असं दाखवायला जातात. मी सांगतो, जोर वाढवू नका, शब्दामधली हवा कमी करत जा. पहिल्या वेळी ती कुणाला तरी सांगतेय, तिसऱ्या वेळी स्वतःशी बोलतेय. या गाण्याचा पेच अंतऱ्यात आहे : ‘पिया ऐसे रूठे के होंठों से मेरे संगीत रूठा’. प्रियकर असा रुसला की माझ्या ओठांवरून संगीतच रुसून गेलं. गाणं हरवल्याचं ती गातेय, आणि गातेय इतकं सुंदर की ऐकणाऱ्याला तिच्या म्हणण्यावर विश्वास बसणार नाही. सुबीरचीही तीच पंचाईत. ती गाणं सोडायला केव्हाही तयार आहे, पण तिनं त्याच्यासाठी सोडलं तर तो आणखी लहान होतो. आणि ती दुःखातही गायली तर दुःखातसुद्धा ती त्याच्यापेक्षा सरस. मत्सरात अडकलेल्या माणसाला सुटायला जागा नसते ती अशी.

इथून गोष्ट वाईट वळण घेते. भांडण, दारू, उमाचं माहेरी जाणं, पोटातलं मूल जाणं, आणि मग तिचं दगडासारखं गप्प होणं. तिला रडू फुटलं पाहिजे, तरच ती परत येईल, असं ठरतं. आणि सुबीर भरल्या सभागृहात ‘तेरे मेरे मिलन की ये रैना’ सुरू करतो.

या चालीचं मूळ रवींद्रनाथांच्या ‘जोदि तारे नाइ चिनि गो शे कि’ या गाण्यात आहे, हे बंगाली श्रोते लगेच ओळखतात. त्या मूळ गाण्याचा अर्थ असा, की मीच त्याला ओळखलं नाही, तर या नव्या फाल्गुनात तो मला ओळखून घेईल का? समोर बसलेली बायको नवऱ्याला ओळखल्याची खूणही देत नाही, आणि त्या प्रसंगाला बर्मनदांनी निवडली ती ओळखीचा प्रश्न विचारणाऱ्या गाण्याची चाल. आयुष्यभर रवींद्रसंगीताच्या सहवासात राहिलेल्या माणसाला मूळ शब्द आठवले नसतील, हे मला पटत नाही.

हिंदी शब्दांत आणखी एक घाव आहे. गाणं मुलाच्या स्वप्नाचं आहे. ‘नन्हा सा गुल खिलेगा अंगना’ ही ओळ बाईच्या तोंडची, कारण पुढे ‘सजना’ अशी हाक आहे. ‘खेलेगा वो तेरे आँचल में’ हे पुरुषाचं उत्तर. मूल गेल्यावर, जिचं गेलं तिनेच ही ओळ गायची आहे. ती गायला लागते तेव्हा रडते आणि रडते तेव्हा परत येते. आणि ‘तेरी बिंदिया रे’मधला साचा इथे फिरलाय हे बघा. पुन्हा सुरुवात तो करतो, पुन्हा पुरं करते ती, पण या वेळी तिनं आपली ओळ उचलावी म्हणून तो डोळ्यांत प्राण आणून वाट बघतोय. तिच्या आवाजाची ज्याला धास्ती वाटत होती तो आता त्या आवाजासाठी आर्जव करतोय. मत्सर संपल्याचं कुठलंही वाक्य पटकथेत नसतं तरी चाललं असतं.

तरीही शेवटाबद्दल माझी तक्रार आहे, आणि ती ठाम आहे. उमाला स्वतःला गाण्यात काय हवंय, हे सिनेमा कधी विचारत नाही. ती निर्मोही आहे, तिला नाव नको, पैसा नको, म्हणून आपण पूर्णपणे तिच्या बाजूचे होतो. तिला जर आपलं गाणं हवं असतं, आपण सरस आहोत याचा आनंद होत असता, आणि तरीही तिचं नवऱ्यावर प्रेम असतं, तर प्रश्न खरा अवघड झाला असता. हृषीदांनी ती वाट घेतली नाही. शिवाय किंमत सगळी तिच्या अंगावर पडली आणि बरं करण्याचं श्रेय त्याच्या गाण्याला मिळालं. १९७३ च्या मानानं सिनेमा पुष्कळ पुढचा आहे हे मान्य, जयाबाईंच्या गप्प बसण्याला तोड नाही हेही मान्य, त्या वर्षीचं फिल्मफेअर त्यांना मिळालं ते रास्तच. पण आज एखादी गाणारी मुलगी मला विचारते की उमानं शेवटी काय करायला हवं होतं, तेव्हा मी तिला सांगतो की तिनं ‘अब तो है तुमसे’ गात राहायला हवं होतं, आणि सुबीरला ते ऐकायला शिकायला हवं होतं.

बर्मनदांनाही या संगीतासाठी फिल्मफेअर मिळालं. त्याआधीचं १९५४ च्या ‘टॅक्सी ड्रायव्हर’साठी. मधल्या काळात ‘गाइड’ झाला, ‘आराधना’ झाला, आणि दोन्ही वेळा फिल्मफेअरची बाहुली दुसरीकडे गेली. त्याचं वाईट वाटतंच. पण ‘अभिमान’ला मिळाली, याचा आनंद आहे. दोन वर्षांनी, १९७५ च्या ऑक्टोबरमध्ये, ते गेले.

आता तुमचं ‘तेरी बिंदिया रे’. सगळ्यांत आधी पट्टी ठरवा, म्हणजे पेटीच्या कोणत्या सुराला सा धरायचा ते. युगुलगीतात सा एकच, गळे दोन. पुरुषाला काळी एकच्या (पेटीच्या पहिल्या काळ्या पट्टीच्या) आसपास मोकळं वाटतं, बाईला काळी चार-पाचच्या आसपास, आणि मधली कुठलीही पट्टी धरली तरी एकाला थोडं सोसावं लागतं. बहुतेक कार्यक्रमांत ती पट्टी पुरुषाच्या सोयीची ठरते आणि मग बाईचा आवाज खालच्या सुरांत दबतो. तुम्ही उलट करा. तिचे अंतऱ्यातले वरचे आणि मुखड्यातले खालचे सूर आधी तपासा, तिला दोन्हीकडे मोकळं वाटेल ती पट्टी घ्या, आणि तुमचा गळा तिथे बसवायचा रियाज करा. या गाण्यात वजनदार ओळी तिच्या आहेत, तेव्हा हे गाण्याच्याच हिताचं आहे.

दुसरं, तुमच्या ‘रे’नंतर जागा सोडून तिनं सुरू करायचं नाही. तुमचा सूर हवेत असतानाच तिची ओळ आली पाहिजे, नाहीतर तो संवाद न होता दोन वेगळी निवेदनं होतात. ‘आय हाय’ टाळ्या घेण्यासाठी मोठ्यानं म्हणू नका. रफीसाहेब ते श्वासावर म्हणतात. आणि नव्या हरकती, म्हणजे सुरांच्या छोट्या सजावटी, घालणार असाल तर त्या तुमच्या ओळीत नकोत. तुम्ही जागा सजवली की तिला तिच्या ओळीत तुमच्यापेक्षा सरस काहीतरी करावं लागतं, आणि गाण्याची बाचाबाची होते. तालमीत एकदा ओळींची अदलाबदल करून बघा : तिच्या ओळी तुम्ही म्हणा, तुमच्या तिनं. ती किती पुरं करते हे तुम्हाला त्याशिवाय कळणार नाही.

कार्यक्रमात दोनच गाणी मिळणार असतील तर ‘तेरी बिंदिया रे’नंतर लगेच ‘तेरे मेरे मिलन’ घेऊ नका, सगळे तेच करतात. तिला एकटीला ‘पिया बिना’ गाऊ द्या. आणि ती गात असताना विंगेत जाऊ नका, मंचावरच बसा.